पट्टा नव्हता

निपाणीच्या त्या वखारीत मी पहिल्या दिवशी पोचले तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. गेटवरच्या माणसाने मेकअपच्या खोलीकडे बोट दाखवलं. "लेडीज तिकडं." मी कॅमेऱ्याची आहे म्हटल्यावर तो माझ्या पाठीमागे बघू लागला, गाडीतून आणखी कोणी उतरतंय का ते. कोणी नव्हतं. गाडीत फक्त माझी पेटी होती.

वखार तंबाखूची. एकेकाळी तिथे बायका रांगेने बसून पानं निवडायच्या. आता ती रिकामी पडली होती आणि एका मराठी मालिकेच्या लोकांनी भाड्याने घेऊन आत श्रीमंत शेतकऱ्याचं घर उभं केलं होतं. भिंती प्लायवूडच्या. मधलं अंगण मात्र खरं, दगडी फरशीचं. कितीही धुतलं तरी तंबाखूचा वास जायचा नाही. पहिल्या आठवड्यात कलाकार संवादाच्या मधेच शिंकायचे आणि सगळं परत घ्यावं लागायचं.

मी छत्तीस वर्षांची होते. स्वतंत्रपणे कॅमेऱ्याची जबाबदारी मिळालेलं हे माझं पहिलं काम. आधीचा कॅमेरामन दिग्दर्शकाशी भांडून निघून गेला होता, भाग रोज टीव्हीवर जायचे होते, आणि मुंबईहून एवढ्या लांब दोन दिवसांत यायला कोणी तयार नव्हतं. मी बेळगावजवळच्या कंग्राळीची. मला ते लांब नव्हतंच.

त्या सकाळी मी अंगणात उभी राहून म्हटलं, खिडकीबाहेरचा मोठा लाइट दोन हात मागे घ्या. लाइटवाली सात-आठ माणसं होती. एकही हललं नाही. एकाने दिग्दर्शकाकडे बघितलं, एकाने मोबाईल काढला. मी परत सांगितलं. मग वरून आवाज आला. लाइट उंचावर न्यायला आमच्याकडे लोखंडी नळ्यांचा, चाकं लावलेला उंच सांगाडा असतो, त्याला पॅरलल म्हणतात. त्याच्या टोकावर पाय सोडून एक पन्नाशी ओलांडलेला माणूस चहा पीत बसला होता.

"अरं, ऐकाय आलं न्हाय व्हय तुमास्नी? बाई दोन हात मागं म्हणाल्यात. घ्या की मागं."

लाइट मागे गेला.

हे आमच्या लाइट विभागाचे प्रमुख. बेळगावच्या खासबागेतले. तिशीपर्यंत त्यांनी यंत्रमाग चालवला होता. माग विकावा लागला तेव्हा आधी मंडपाच्या माळा, मग ऑर्केस्ट्रा, मग नाटकं, आणि शेवटी मालिका, असं करत ते लाइटमध्ये आले. घरी कानडी, आमच्याशी मराठी, मुंबईच्या लोकांशी हिंदी. तिसऱ्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणायला लागले. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण मला आक्का म्हणायचे.

मी इथवर कशी आले ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढे मी जे केलं ते कळणार नाही.

बेळगावच्या टिळकवाडीत एक फोटो स्टुडिओ होता. बी. ए. करताना मी तिथे अल्बम चिकटवायला जायचे. मालकांच्या लक्षात आलं की लग्नघरात हळदीच्या, बांगड्या भरायच्या खोलीत पुरुष कॅमेरावाल्याला बायका येऊ देत नाहीत, आणि नेमकं तिथलंच शूटिंग पुढे सगळ्यांना हवं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर कॅमेरा दिला. तीन वर्षं मी खानापूरपासून चिकोडीपर्यंत लग्नं घेतली. मराठ्यांची, जैनांची, लिंगायतांची. बाईला आपल्यावर कॅमेरा आहे हे माहीत असतं तेव्हा तिचा चेहरा कसा असतो आणि ती विसरते तेव्हा कसा होतो, हे मी त्या खोल्यांत शिकले. माझे वडील डेपोत मेकॅनिक होते आणि सुट्टीला शेत बघायचे. ते म्हणायचे, "फोटो काढ की. कोण नको म्हणतंय? बँकेत लाग आणि रविवारी काढ."

मग पुण्याला एक वर्षाचा कोर्स, आणि मग मुंबईत बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली. लेन्सा पुसल्या, पेट्या उचलल्या, फरशीवर टेप चिकटवून खुणा केल्या, पुढे फोकसचं काम मिळालं. प्रत्येक नव्या सेटवर एकच प्रश्न विचारला जायचा, कॅमेऱ्याचं वजन झेपेल का. बारा वर्षांत दुसरं कोणी काही विचारलं नाही. आई फोनवर विचारायची, "तू नेमकं काय करतीस गं थितं?" मी सांगितलं, हिरॉइन कॅमेऱ्यापासून किती लांब उभी आहे ते टेपने मोजते. तिने गल्लीत सांगितलं की आमची पोरगी सिनेमात मापं घेती. लोकांना वाटलं मी कपडे शिवते. मी ते खोडून काढलं नाही. माझ्याबरोबर लागलेली मुलं एकेक करत स्वतंत्र झाली आणि मी टेपच धरून होते, त्यापेक्षा कपडे बरे.

म्हणून निपाणीचं काम मिळालं तेव्हा मी ठरवलं होतं की काहीही झालं तरी हे हातचं घालवायचं नाही.

मामांनी मला तिथे उभं केलं. अंगणात दुपारचं ऊन सरळ डोक्यावर यायचं, चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळे खड्डे पडायचे. अशा वेळी वर चौकटीत मोठं पांढरं कापड ताणून धरतात, म्हणजे ऊन गाळून खाली येतं. कंपनीने दिलेलं कापड नायलॉनचं होतं. त्यातून येणारा उजेड निळसर, आजारी माणसाच्या खोलीसारखा. मामा दोन दिवस ते कापड बोटांत चोळत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या गल्लीतल्या, अजून माग चालवणाऱ्या माणसाकडून बारीक सुती कापड आणलं, पट्टे जोडून घेतलेलं. ते वर चढलं आणि भर बाराच्या उन्हात खाली सकाळी आठचा उजेड पडला. नायिका आरशात बघून म्हणाली, "अय्या, आज मेकअप कुणी केलाय?"

पंधरा दिवसांत मुंबईहून फोन आले. मालिका दिसायला बदलली, नवी कॅमेरावाली चांगली आहे. मी थँक्यू म्हणत गेले. खासबागेतल्या कापडाचं नाव मी कोणाकडे काढलं नाही.

चार महिने असे गेले. आता तो एक दिवस मी शक्य तितका जसाच्या तसा सांगते.

होळी होऊन गेली होती. त्या भागात त्या दिवसांत दुपारी वारा सुटतो, आधी अजिबात हालचाल नसते आणि मग एकदम धूळ उठते. नायिका घर सोडून जाते तो प्रसंग होता. ती अंगण ओलांडून दारापर्यंत येते आणि मागे वळून बघते. वळून बघण्याचा शॉट शेवटचा. वर कापड बांधलेलं होतं, त्याची एक बाजू वखारीच्या छपराला आणि दुसरी पॅरललला. पॅरललवर मामा कापडाचा दोर धरून.

एकदा घेतला. चांगला होता. पण ती वळली तेव्हा सावलीची कड तिच्या कपाळावरून गेली. दिग्दर्शक ओके म्हणाला. तो पुढच्या प्रसंगाचे कागद बघत होता. मी म्हटलं, अजून एक.

वरून मामा म्हणाले, "आक्का, वारं फिरलंय. कापड खाली घिऊया. थर्माकोलवर करूया."

थर्माकोलवर करता आलं असतं. बाजूने थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उजेड टाकायचा, रोज करतात. उजेड जरा कडक आला असता, इतकंच.

मी म्हटलं, "एकच शॉट, मामा."

त्यांनी दोर हाताला गुंडाळून घेतला. हे फक्त आम्हा दोघांत झालं. बाकी कोणाचं लक्षही नव्हतं.

नायिका चालत आली. वळली. मी कॅमेऱ्याच्या डोळ्यातून बघत होते, म्हणून मला वरचं काही दिसलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड अचानक एकदम उघडला आणि तिने दचकून वर बघितलं, एवढंच दिसलं. मग आवाज आला. कापडात वारा भरला, चौकटीने पॅरललला ओढलं आणि तो अख्खा सांगाडा आडवा झाला. मामा दगडी फरशीवर पडले, कमरेवर. दोर हाताला तसाच होता.

लोक धावले. मी धावले नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कदाचित तीन सेकंद, पण तेवढा वेळ मी कॅमेरा धरून होते. चालू होता तो. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की माणूस घाबरला की असं होतं. मला ते खरं वाटत नाही. माझा हात फोकसवर होता आणि तो काम करत होता.

त्यांना बेळगावला नेलं. कमरेचं हाड आणि मणका. दवाखान्याच्या बाकावर त्यांची बायको बसली होती, लुगड्याचा पदर तोंडाशी घेऊन. तिने मला बसायला जागा करून दिली. तिला मराठी जेमतेम यायचं आणि मला कानडी बोलायला त्या क्षणी सुचलं नाही. त्यांची मुलगी बेळगावातच नर्स होती. ती डॉक्टरांशी बोलत होती आणि आम्हाला मधेमधे येऊन सांगत होती, जगतील, पण चालायचं सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी शूटिंग सुरू झालं. संध्याकाळी निर्मितीचं काम बघणाऱ्या साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. समोर इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की उंचीवर काम करणाऱ्या सर्वांना सुरक्षेचा पट्टा दिलेला होता, आणि संबंधित कामगाराने वारंवार सांगूनही तो बांधला नाही. खाली दिग्दर्शकाची सही झालेली होती.

मी म्हटलं, "पट्टा कुठे होता?"

साहेब शांतपणे म्हणाले, "आता आहेत. काल सहा मागवले."

"पण त्या दिवशी नव्हते."

"हे बघ," ते म्हणाले, "कापड कोणी वर ठेवायला सांगितलं, हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून हा कागद आहे. मी तुझ्यासाठी करतोय. पहिलंच काम ना तुझं?"

त्यांना कसं कळलं होतं मला माहीत नाही. कदाचित कळलं नव्हतंच, अंदाजाने बोलले असतील. मी सही केली. पेन त्यांचंच होतं. सही करताना माझ्या मनात मामा नव्हते. माझ्या मनात होतं की आता सगळे म्हणणार, बाईच्या हातात सेट दिला आणि बघा काय झालं.

तो शॉट त्या आठवड्याच्या भागात दाखवला. नायिका वळते, तिच्या तोंडावर उजेड येतो, ती दचकून वर बघते. पडण्याचा आवाज काढून तिथे संगीत टाकलं होतं. लोकांना फार आवडला. कंग्राळीत आमच्या शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, पोरीनं हिरॉइनीचं काय डोळं दाखवल्यात बघा, रडू आलं.

दोन महिन्यांनी मी खासबागेत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढच्या खोलीत जिथे पूर्वी माग होता तिथे आता त्यांची खाट. गल्लीत दुसऱ्या कोणाचा तरी माग चालू होता आणि त्याच्या खटखटीत आम्हाला जरा मोठ्याने बोलावं लागत होतं. मी सफरचंदं नेली होती. मामा उशीला टेकून बसले होते. त्यांनी नव्या माणसांची चौकशी केली, लाइट कोण बघतंय, त्याला जमतंय का. मग म्हणाले, "आक्का, त्या दिवशीचा शॉट बरा आलता न्हवं?"

मी म्हटलं, "आलता, मामा. लई बरा आलता."

"मग झालं," ते म्हणाले.

सांगायचं म्हणून गेले होते. सहीचं, सगळंच. चहा पिऊन परत आले. त्यानंतर मी गेले नाही. शूटिंग असतं, वेळ मिळत नाही, असं कारण मी कुणी न विचारताही देत असे.

मालिका आणखी आठ महिने चालली. ती संपल्यावर मला काम मिळालं, चांगलं मिळालं. एक चित्रपट, मग दुसरी मालिका, मग आणखी एक चित्रपट. ज्या गोष्टीसाठी सही केली ती गोष्ट मला मिळाली. पण काम करताना माझं काहीतरी बिघडलं. कोणी उंचावर चढलं की मी कॅमेऱ्यात बघू शकत नसे. सारखी वर बघे. दोर बांधला का, पट्टा लावला का, परत बघा. लाइटवाले हसायला लागले. एका चित्रपटात साताऱ्याकडे एक माणूस पॅरललवर चढून लाइट फिरवत होता, आणि मला त्याला खाली उतरा एवढंही म्हणता येईना. दिग्दर्शक तीनदा विचारत राहिला, मॅडम, रोल करू? शेवटी माझ्या सहायकाने शॉट घेतला. मी गाडीत जाऊन बसले. लोकांना सांगितलं की साखर कमी झाली.

त्या रविवारी मी कंग्राळीला आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पत्र लिहिलं. सरळ लिहिलं. पट्टा नव्हता. त्यांनी वारा फिरल्याचं सांगितलं होतं. कापड वर ठेवायला मी सांगितलं. मी ज्यावर सही केली तो कागद खोटा आहे. एक प्रत कामगार खात्याला, एक निर्मात्यांना. दुसऱ्या दिवशी बेळगावात जाऊन रजिस्टर केलं. पोस्टातून बाहेर आले तेव्हा मला खरोखर भूक लागली होती. कित्येक महिन्यांत अशी भूक लागली नव्हती. समोरच्या हॉटेलात बसून मी दोन प्लेट इडल्या खाल्ल्या.

खासबाग तिथून रिक्षाने दहा मिनिटं. मी गेले नाही. मला वाटलं, त्यांना खात्याकडूनच कळू दे, म्हणजे मी उपकार दाखवायला आले असं होणार नाही. आज मला त्याचंही खरं कारण वेगळं दिसतं. त्यांनी नको म्हटलं असतं तर?

बाराव्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. आधी मला आवाज ओळखता आला नाही.

"मॅडम, तुमास्नी कुणी सांगितलंतं पत्र लिव्हाय?"

मी म्हटलं, "कुणी नाही. खरं तेच लिहिलं."

"माझ्या मालकांस्नी काल कामावरनं काढलं."

मला काहीच कळेना. तेव्हा तिने सांगितलं. अपघातानंतर कंपनीने तिच्या नवऱ्याला जनरेटरच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं. कंपनीची शूटिंगं जिथे जिथे व्हायची तिथे तो गाडी न्यायचा. कायमचं काम. दोन्ही घरं त्यावर चालली होती. तिचं आणि तिच्या अप्पांचं, म्हणजे मामांचं.

"ते काम कशापायी दिलतं म्हाईत हाय तुमास्नी? अप्पांनी त्या कागदावर सही केली म्हणून." ती रडत नव्हती. फार स्पष्ट बोलत होती, रुग्णाच्या नातेवाइकांना समजावून सांगावं तसं. "तुमचं मन मोकळं झालं, मॅडम. आमाला एकदा इचारायचं तरी."

मी त्याच दुपारी मुंबईहून बेळगावची गाडी धरली आणि दुसऱ्या सकाळी खासबागेत गेले. मामा दारात खुर्चीवर बसले होते, बाजूला कुबड्या. मला बघून ते उठायला लागले, मी नको म्हटलं. त्यांची बायको आतून आली, मला बघून परत आत गेली.

"मामा, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"पट्टा न्हवता ह्ये मलाबी म्हाईत हाय, आक्का," ते म्हणाले. "पडलोय मी. मला म्हाईत असणार न्हाय व्हय?"

"मग सही का केली?"

"तुमी का केली?"

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"दवाखान्यात कागद आणला साहेबानं. तुमची सही बघितली मी त्येच्यावर. म्हटलं, आक्कांनी केलीया म्हंजी इचार करूनच केली असणार. त्येस्नीबी पोट हाय. मग मीबी मागून घेतलं. जावयाला काम द्या म्हटलं. दिलं." त्यांनी कुबडी जरा सरळ केली. "आता तुमी लिवलं पट्टा न्हवता. म्हंजी मी खोटा. खोटं लिहून काम घेतलं असं झालं की माझं."

"खोटं तर त्यांनी लिहून घेतलं, मामा."

"सही माझी हाय न्हवं?"

मी म्हटलं, मी निर्मात्यांशी बोलते, जावयाला परत घ्यायला लावते. ते म्हणाले, "नगा. आता तुमी काय करू नगा." असं म्हणून त्यांनी हात जोडले. माझ्यासमोर, त्यांनी.

कामगार खात्याने तीन आठवड्यांनी दोघांनाही बोलावलं. ऑफिस बेळगावातच, पहिल्या मजल्यावर. मामांना दोघांनी धरून जिन्याने वर आणलं. अधिकारी बाई होत्या, माझ्याच वयाच्या, समजूतदार. त्यांनी माझं पत्र आणि कंपनीचा कागद शेजारी शेजारी ठेवला. कागदाच्या तळाशी माझी सही होती आणि तिच्या खाली, थोडी तिरकी, मामांची, कानडी अक्षरांत. पडल्या पडल्या केलेली.

बाईंनी त्यांना कानडीत विचारलं, पट्टा होता का?

"बेल्ट इत्त्री," मामा म्हणाले. "नाने कट्टलिल्ल." होता. मीच बांधला नाही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि परत त्यांच्याकडे. "मग ह्या मॅडम असं का लिहितात?"

मामा माझ्याकडे न बघता बोलले. मला कळावं म्हणून की काय, या वेळी मराठीत बोलले. "त्येंच्या मनाला लागलंय, मॅडम. मी त्येंच्या डोळ्याम्होरं पडलो. लई चांगल्या हाईत त्या. मनाला लागलं की माणूस असं कायबी लिव्हतंय."

माझ्या डोक्यात एक वाक्य तयार होतं. त्या दिवशी तिथे असलेल्या कोणालाही विचारा. लाइटवाल्यांना, मेकअपवाल्या बाईंना. कोणीतरी खरं बोललं असतं. बाईंनी मला विचारलंही, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

मी नाही म्हटलं. पत्र मागे घेतलंही नाही आणि त्याच्यावर जोरही दिला नाही. त्यांनी टिपण केलं, आमच्या सह्या घेतल्या, आणि प्रकरण तिथे थांबलं.

खाली रिक्षा उभी होती. मी मामांच्या कुबड्या धरल्या, जावयाने त्यांना उचलून आत बसवलं. मी कुबड्या आत सरकवल्या. मामा म्हणाले, "आक्का, थोडं दिस घरला येऊ नगा. बरं दिसायचं न्हाय." मी व्हय म्हटलं. रिक्षा गेली.

पुढच्या महिन्यात जावयाला परत गाडीवर घेतलं. हे मला सेटवरच्या एका माणसाकडून कळलं. माझ्याबद्दल जे बोललं जातं तेही त्याच्याकडूनच कळलं, की बाईचं डोकं जरा फिरलंय, स्वतःच सही करते आणि स्वतःच तक्रार करते, असल्या माणसाला सेटवर कशाला घ्यायचं. मोठी कामं आली नाहीत. आता मी मिळतील ती करते. खानापूरकडच्या एका शाळेसाठी मुलांच्या नाटकांचं चित्रण, कोल्हापूरच्या एका वाहिनीचे स्वयंपाकाचे कार्यक्रम, कधी एखादा लघुपट. उंचावर चढायचं काम त्यात फारसं येत नाही. दोन वर्षांपूर्वी मी कंग्राळीलाच राहायला आले. वडील आता फार बोलत नाहीत, पण मी कामाला निघाले की पेटी गाडीत ठेवायला ते उठून येतात.

मी चुकले कुठे, हे मी पुष्कळ वेळा मोजून बघितलं आहे. कापडापाशी तर नक्की. सहीपाशी नक्की. पत्रापाशी चुकले की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. पत्र खरं होतं. ते लिहून मला बरं वाटलं होतं, इतकं बरं की मी इडल्या खाल्ल्या, आणि त्यांच्या घरी काय होईल हा विचार मी एकदाही केला नव्हता.

मागच्या दिवाळीत मी त्यांच्या घरी फोन लावला. पाडव्याची सकाळ, अकरा वाजले असतील. त्यांच्या बायकोने उचलला. मी माझं नाव सांगितलं, दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, माझ्या मोडक्या कानडीत विचारलं, मामा कसे आहेत, बोलू शकतील का. पलीकडे मग कोणीतरी खोकलं, पुरुषाचा खोकला, फोनच्या अगदी जवळ.

"मलग्यार्री," ती म्हणाली. झोपलेत.

मी म्हटलं, असू दे, उठवू नका.